आपल्या वजनाची फळी

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या घरात एका फळीवरून तीन आठवडे वाद चालला. फळी म्हणजे पाण्यावर घसरायची स्की. ती हवी होती आमच्या पंधरा वर्षांच्या लेकीला आणि पैसे द्यायचे होते आम्ही दोघांनी, म्हणजे तिच्या अम्मी-अब्बांनी. वाद मिटला, फळी आली, लेक खूश आहे. पण त्या निमित्ताने आम्हाला आधीच्या वर्षीची आमचीच एक चूक मुलांसमोर कबूल करावी लागली. ती चूक पैशांची कमी आणि मनाची जास्त होती. म्हणून हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे. जिथे एकट्याची गोष्ट आहे तिथे आम्ही अम्मी किंवा अब्बा असंच म्हटलं आहे.

आम्ही मूळचे श्रीवर्धन तालुक्यातले. अम्मीचं माहेर समुद्रापासून दोनशे पावलांवर. तिचे वडील होडीवर तांडेल होते. घरातले पुरुष समुद्रावर जगायचे आणि मुलींनी मात्र घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही, असा रिवाज. अब्बा खाडीत डुंबून मोठे झाले. अम्मी पोहायला शिकली ती वयाच्या चौतिसाव्या वर्षी, इंग्लंडमध्ये, बायकांसाठी राखून ठेवलेल्या तासाला. आता आम्हाला इंग्लंडच्या वायव्य भागात, लँकेशायरमध्ये राहून सतरा वर्षं झाली.

इथे स्कीइंग समुद्रावर फारसं होत नाही. आमच्यापासून तासाभरावर विंडरमिअर हे मोठं सरोवर आहे, पण तिथे २००५ पासून बोटींना ताशी १० सागरी मैलांची मर्यादा आहे आणि तेवढ्या वेगात माणूस फळीवर नीट उभा राहत नाही. म्हणून बरेच क्लब खडी-वाळूच्या जुन्या खाणींत साचलेल्या तळ्यांवर चालतात. आमचं तळंही तसंच. आठशे मीटर लांब, कडेला वेताची झुडपं, मधे बदकं. लेकीच्या शाळेने एक दिवस मुलांना तिथे नेलं आणि ती घरी आली ती दुसऱ्या शनिवारचं विचारतच.

दोन फळ्यांवरून एका फळीवर

ज्या वाचकांनी अलिबाग किंवा तारकर्लीला बनाना राइड पाहिली आहे, त्यांना हा खेळ समजायला अवघड नाही. पुढे बोट, मागे दोर, दोराच्या टोकाला फुगवलेल्या केळ्यावर बसलेली माणसं. इथे केळं नाही. माणूस पायात फळ्या घालून पाण्यात बसतो आणि दोराची मूठ हातात धरतो. बोट वेग घेते तशा फळ्या पाण्याच्या वर येतात आणि माणूस उभा राहून घसरत जातो. आधी दोन पायांत दोन फळ्या. ते जमलं की एकाच फळीवर दोन्ही पाय, एकामागे एक. या एका फळीच्या प्रकाराला स्लॅलम म्हणतात.

स्लॅलमची खरी परीक्षा बोयांची असते. बोट सरळ रेषेत जाते. तिच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने एकूण ६ बोये, मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरवर. आत शिरायच्या फाटकापासून बाहेर पडायच्या फाटकापर्यंत २५९ मीटर. फळीवरच्या माणसाने प्रत्येक बोयाला बाहेरून वळसा घालायचा. जमलं की बोटीचा वेग वाढवतात. मोठ्या स्पर्धेत पुरुषांसाठी तो ताशी ५८ किलोमीटरपर्यंत आणि बायकांसाठी ५५ पर्यंत जातो. पुढे वेग तोच ठेवून दोर आखूड करत जातात. सव्वा अठरा मीटरचा दोर कमी कमी होत सव्वा अकरावर आला की तो बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर माणसाने अंग झोकून, हात लांबवून भरायचं. इंग्लंडचेच अँडी मॅपल १९८१ आणि १९८९ मध्ये या प्रकारात जगज्जेते झाले होते. आमच्या क्लबात त्यांचा फोटो आहे. आमची लेक त्या फोटोखाली बसून डबा खाते.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही तिघंही दोन फळ्यांवर उभे राहायला शिकलो. धाकटा मुलगा काठावर मासे बघत बसायचा. अम्मीला पहिल्या दिवशी फार संकोच होता. पण तिथलं पाणी एवढं थंड की लहान-मोठे, बायका-पुरुष सगळेच गळ्यापासून घोट्यापर्यंत रबराचा जाड वेटसूट घालतात. अम्मीने डोक्याला त्याचीच टोपी घातली, वरून सैल अंगरखा आणि त्यावर लाइफ जॅकेट. कोणी वळूनही पाहिलं नाही. अम्मी अजूनही दोन फळ्यांवरच खूश आहे. तिचं आवडतं काम वेगळं आहे. बोटीत चालकाशिवाय आणखी एक माणूस मागे तोंड करून बसतो आणि पाण्यातल्या माणसावर नजर ठेवतो. तो अंगठा वर करतो म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, डोक्यावर थाप म्हणजे परत चला. पडल्यावर त्याने हात वर केला की तो ठीक आहे. हे सगळं चालकाला सांगायचं काम त्या मागे बघणाऱ्याचं. दोन वर्षं ते काम अम्मी करते आहे. त्यामुळे अब्बा आणि लेक किती वेळा, कुठे आणि कसे पडले, याचा हिशोब घरात तिच्याइतका कोणाकडेच नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात अब्बा आणि लेक एका फळीवर आले. त्यासाठी क्लबात जोडफळ्या असतात. त्यातल्या एकीवर मागच्या पायासाठी जास्तीचा पट्टा असतो. दोन्ही फळ्यांवर उभं राहायचं, मग एका पायातली हळूच सोडून द्यायची आणि तो पाय मागच्या पट्ट्यात सरकवायचा. कोणता पाय पुढे ठेवायचा हे कळायचा सोपा उपाय म्हणजे चालत्या बोटीमागे दोन फळ्यांवर असताना एकेक पाय आळीपाळीने जरा उचलून बघायचा. ज्या पायावर जास्त भरवसा वाटतो तो पुढे. अब्बांचा डावा निघाला, लेकीचा उजवा.

इथून पुढचा टप्पा फसवा असतो. आता आपण अगदीच नवशिके नसतो आणि येतं म्हणावं तर तेही खरं नसतं. क्लबाच्या झिजलेल्या फळ्या नकोशा वाटू लागतात. स्वतःची घ्यावीशी वाटते आणि नजर जाते ती क्लबातल्या सर्वांत चांगल्या माणसाच्या फळीवर.

अब्बांची स्वस्त खरेदी

त्या जूनमध्ये अब्बांनी एक वापरलेली स्की घेतली. काळी, चकचकीत, कार्बनची, ६५ इंच लांब आणि शेपटीकडे निमुळती. वर दोन्ही पायांना घट्ट बूट. नवी असताना तिची किंमत हजार पौंडांच्या वर असणार. अब्बांना ती १४० पौंडांत मिळाली. विकणाऱ्याने सांगितलं, ही कोणालाही चालते. अब्बांनी त्याला आपलं वजन सांगितलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. अब्बांचं वजन ८६ किलो आहे.

अम्मी म्हणाली होती, "अहो, क्लबात कोणाला तरी दाखवून मग घ्या." अब्बा म्हणाले, "तेवढं कळतं मला. अशी संधी रोज येत नाही." घरी आल्यावर ती फळी दिवाणखान्यात भिंतीला टेकवून ठेवली होती. पाहुण्यांना दाखवून झाली. मुलांनी तिच्याबरोबर फोटो काढले.

मग जूनपासून ऑगस्टपर्यंत अब्बा एकदाही तिच्यावर नीट उभे राहू शकले नाहीत.

एका फळीवर पाण्यातूनच सुरुवात करायची असते. गुडघे छातीशी घेऊन पाण्यात बसायचं, फळीचं टोक पाण्याबाहेर, हात सरळ. बोट ओढेल तशी फळी वर येऊ द्यायची. हाताने ओढायला गेलं की संपलं. अब्बांना हे सगळं माहीत होतं, ते करतही होते. पण बोट वेग घ्यायची, फळी वर यायच्या ऐवजी पाणी नांगरत जायची, तोंडावर पाण्याचा लोंढा यायचा आणि दहा-बारा सेकंदांत बोटांतून मूठ सुटायची. पुन्हा बोट वळायची, पुन्हा दोर यायचा. एका फेरीत पाच-पाच वेळा. रांगेत लोक वाट बघत असायचे. ऑगस्टमध्ये उजवा खांदा दुखावला आणि सहा आठवडे व्यायामोपचार करून घ्यावे लागले.

खांद्याचं दुखणं निघून जातं. अम्मीला बोटीतून दुसरंच काही दिसत होतं. अब्बा काठावर यायचे ते गप्प. गाडीत कोणाशी बोलायचे नाहीत. घरी आल्यावर लहानसहान गोष्टींवर आवाज चढायचा. "वय झालं आता," हे वाक्य जेवताना तीन-तीनदा यायचं. लेक त्याच क्लबाच्या जुन्या फळीवर दर आठवड्याला पुढे जात होती आणि तिला त्याचा आनंद मोकळेपणाने दाखवता येत नव्हता. एका शनिवारी सकाळी ती म्हणाली, "अब्बा, आज नको. मला अभ्यास आहे." पुढच्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारी तिने विचारलंच नाही. सुट्टी चालू होती आणि त्या दिवसांत तिला कसलाही अभ्यास नव्हता.

रात्री मुलं झोपल्यावर अम्मीने विषय काढला. "तुम्ही पडता त्याचं कोणाला काही नाही. पण तुम्ही चिडता म्हणून पोरगी येत नाही." अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फळी चांगली आहे. मीच कमी पडतो." अम्मी म्हणाली, "फळी चांगली आहे की नाही ते मला माहीत नाही. तुमची आहे का, ते एकदा विचारून तरी बघा."

दोन प्रश्न

क्लबात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आहेत. अजून स्की करतात, मुलांना शिकवतात. पुढच्या शनिवारी अब्बा त्यांच्याकडे ती फळी घेऊन गेले. बाईंनी फळी उलटी केली, मागचा आकडा वाचला आणि दोनच प्रश्न विचारले. तुमचं वजन किती? बोट किती वेगाने चालवायला सांगता? अब्बांनी सांगितलं, ८६ किलो आणि ताशी २८ मैल, म्हणजे साधारण ४५ किलोमीटर. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ही तुमच्याहून वीस किलोने हलक्या आणि बऱ्याच वेगाने जाणाऱ्या माणसाची फळी आहे. तीन महिने तुम्ही तिच्यावर उठायचा प्रयत्न केलात, म्हणजे तुमच्या हातांत ताकद भरपूर आहे."

त्यांनी क्लबाच्या खोलीतून एक रुंद, ६९ इंचांची, रंग उडालेली फळी काढून दिली. अब्बा पहिल्याच प्रयत्नात उठले. अम्मी बोटीत होती. ती सांगते की अब्बांना स्वतःलाच एवढं नवल वाटलं की सरळ जाता जाता ते तळ्याच्या टोकापर्यंत पोचले आणि थांबायचा इशारा द्यायलाच विसरले. त्या दिवशी लेक आलेली नव्हती. घरी गेल्यावर अब्बांनी आधी तिच्या खोलीचं दार वाजवलं.

पुढे आम्ही या खेळाबद्दल वाचू लागलो, तेव्हा त्याच्या जन्माची गोष्ट मिळाली आणि अब्बांना मोठा दिलासा वाटला. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, लेक पेपिन या सरोवरावर, राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला वाटलं की बर्फावर घसरता येतं तर पाण्यावर का नाही. त्याने आधी लाकडी पिंपाच्या पट्ट्या पायाला बांधल्या. बुडाला. मग बर्फावरच्या स्की घातल्या. त्या अरुंद, पुन्हा बुडाला. शेवटी त्याने पाइनच्या दोन फळ्या आणल्या, ८ फूट लांब आणि ९ इंच रुंद. त्यांची टोकं आईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून वर वाकवली. भाऊ बोट चालवत होता. त्या फळ्यांवर तो उभा राहिला. म्हणजे या खेळातल्या पहिल्या माणसालाही पुरेशी रुंद फळी सापडेपर्यंत बुडावंच लागलं होतं.

फळीत काय बघायचं

त्या हिवाळ्यात आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. आखाती देशांत, दक्षिण आफ्रिकेत आणि इंग्लंडमध्ये आपली कितीतरी कुटुंबं पाण्याजवळ राहतात. कोणाच्या मुलांना हा नाद लागला तर उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट लांबी. ती उंचीवर ठरत नाही. ती ठरते वजनावर आणि वेगावर. वजन जास्त किंवा बोट सावकाश, तर फळी मोठी. वजन कमी किंवा बोट वेगवान, तर लहान. विकणाऱ्यांकडे याचे तक्ते असतात. आमच्या वेगाला अब्बांच्या वजनासाठी ६८ ते ६९ इंच आणि लेकीच्या ५२ किलोंसाठी ६३ ते ६५ इंच निघतात. दोन लांबींच्या मधे अडकलो तर शिकणाऱ्याने मोठी घ्यावी.

दुसरी गोष्ट रुंदी, आणि आमच्या मते या टप्प्यावर हीच सर्वांत मोठी. रुंद फळी पाण्याला जास्त जागा टेकते, म्हणून लवकर वर येते आणि कमी वेगातही तरंगत राहते. पाय जरा चुकीचा पडला तरी ती सांभाळून घेते. अरुंद फळी वेगात झटकन वळते, पण तो वेग आणि तो तोल आपल्याकडे आधी असावा लागतो. आता बऱ्याच कंपन्या मधल्या रुंदीच्या फळ्या बनवतात. रडारची सीनेट किंवा एचओची ओम्नी अशा नावांनी त्या मिळतात. त्या सुरुवातीला सोप्या आणि पुढे बोयांपर्यंत नेणाऱ्या.

तिसरी गोष्ट फळीचा बाक आणि तळ. फळी बाजूने पाहिली तर टोकापासून शेपटीपर्यंत किंचित वाकलेली दिसते. बाक जास्त असेल तर वळणं सोपी जातात पण फळी पाण्यात अडते. कमी असेल तर ती वेगाने सुटते पण वळायला मेहनत लागते. तळाला पन्हळीसारखा खोलगट भाग असतो. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे कडेवर झुकल्यावर पाय निसटत नाही. खूप खोल पन्हळ नवशिक्याला जड जाते. आपल्याला सगळंच मध्यम हवं.

चौथी गोष्ट साहित्य. कार्बनची फळी हलकी आणि ताठ असते. ताठ फळी माणसाची प्रत्येक हालचाल लगेच पाण्याला सांगते, त्यात आपल्या चुकाही आल्या. फायबरग्लासची किंवा थोडाच कार्बन मिसळलेली फळी जराशी लवचिक असते आणि माफ करते. किंमतही निम्म्याहून कमी. आम्हाला दिसलेल्या किमती अशा: मधल्या दर्जाची नवी फळी बुटांसकट ४०० ते ६०० पौंड, स्पर्धेची दीड हजाराच्या पुढे.

पाचवी गोष्ट बूट. पुढचा पाय घट्ट बसला पाहिजे, पण दुखता कामा नये. मागच्या पायाला शिकताना नुसता पट्टा बरा. पाण्यातून उठताना तो पाय बाहेर ठेवून सुकाण्यासारखा वापरता येतो. दोन्ही पायांना बूट असतील आणि पडताना एक सुटून दुसरा अडकला, तर घोट्याला किंवा गुडघ्याला इजा होऊ शकते.

शेवटची गोष्ट फिन, म्हणजे शेपटीखालचं धातूचं पातं. ते मागेपुढे, वरखाली करता येतं आणि जाणकार लोक त्यात इंचाच्या हजाराव्या भागाचे फरक करत बसतात. त्यावर वेग कमी करणारा छोटा पंखही लावतात. आमच्या वेगाला त्या पंखाची गरज नाही. कारखान्यातून जसं आलं तसं राहू द्यावं.

अब्बांनी फळी विकली ती गोष्ट

हिवाळ्यात अब्बांनी काळी फळी विकायला काढली. पहिला गिऱ्हाईक आला तो अब्बांपेक्षाही अंगाने भरलेला. फळी बघून त्याचे डोळे चमकले. दीडशे पौंड द्यायला तयार होता, म्हणजे अब्बांना वर दहा पौंड सुटले असते. अब्बांनी त्याला तेच दोन प्रश्न विचारले. मग सांगितलं की ही तुमच्यासाठी नाही, माझा अख्खा उन्हाळा हिने खाल्ला. तो माणूस जरा नाराज होऊनच गेला. दोन आठवड्यांनी साठ-बासष्ट किलोंचा एक कॉलेजचा मुलगा आला. तो बऱ्याच वेगाने जाणारा होता. त्याला १०० पौंडांत दिली. चाळीस पौंडांचं नुकसान झालं. त्या रात्री अब्बा म्हणाले, "मला कोणी न विचारता विकली. मी तसं केलं असतं तर माझी तक्रार कसली उरली?" अम्मीने ते ऐकलं आणि ते चाळीस पौंड घरखर्चाच्या वहीत कोणत्याही शेऱ्याशिवाय लिहून टाकले.

लेकीची निवड

आणि मग मे महिना आला. लेकीला हवी होती स्पर्धेची फळी, १६०० पौंडांची. क्लबातल्या एका मोठ्या मुलीकडे तशीच होती. आम्ही नाही म्हटलं. आधी पैशांचं कारण दिलं, मग इसराफचं, उधळपट्टी आपल्यात बरी नव्हे वगैरे. दोन्ही कारणं खरीच होती, पण तिला ती पटली नाहीत. एका रात्री जेवताना तिने सरळ विचारलं, "अब्बा, तुम्ही कार्बनची घेतली होतीत ना? मग मला का नाही?"

अब्बांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "घेतली होती. मला ती हवी होती कारण ती माझ्या हातात चांगली दिसायची. पाण्यात कशी वागेल ते मी बघितलंच नाही. आणि ती जमली नाही त्याचा राग मी तुमच्यावर काढला. तू शनिवारी यायची बंद झालीस ते मला कळत होतं. कळत असून गप्प बसलो. माझं चुकलं."

आमच्या लहानपणी घरातल्या मोठ्या माणसाने ताटावर बसून असं काही बोलल्याचं आम्हा दोघांनाही आठवत नाही. लेक ताटाकडे बघत राहिली. धाकटा म्हणाला, "म्हणजे ती काळी फळी वाईट नव्हती?" लेकच म्हणाली, "वाईट नव्हती रे. अब्बांची नव्हती."

त्या रात्री ठरलं की आम्ही तिला नाही म्हणायचं नाही आणि हो पण म्हणायचं नाही. तीन फळ्या मागून घ्यायच्या, एकाच दिवशी तिघींवर जायचं आणि अम्मीने बोटीतून बघून लिहून ठेवायचं. क्लबातल्या लोकांनी आनंदाने दिल्या. मोठ्या मुलीने स्वतःची स्पर्धेची फळीही दिली. वाचकांना सांगावंसं वाटतं की दुकानात हात फिरवून फळी कळत नाही. पाण्यावर अर्धा तास मिळाला तर कळते, आणि मागितलं की बहुतेक क्लबांत लोक देतात.

अम्मीची वही अजून आहे. क्लबाची रुंद ६६ इंची: पहिल्या प्रयत्नात उठली, एकदाही पडली नाही, पण वळताना फळी आळसावल्यासारखी, बोयाच्या पुढे जाऊन मग वळते. स्पर्धेची ६४ इंची: तिसऱ्या प्रयत्नात उठली, एका बाजूचं वळण सुरेख, दुसऱ्या बाजूच्या वळणावर चारपैकी तीनदा पडली. मधल्या रुंदीची ६४ इंची: पहिल्या प्रयत्नात उठली, दोन्ही बाजूंना वळली, एकदा पडली, आणि शेवटच्या फेरीत तिसऱ्या बोयापर्यंत गेली.

प्रत्येक माणसाची एक बाजू सोपी आणि एक अवघड असते. पुढे कोणता पाय आहे त्यावर ते ठरतं. फळी पारखायची ती अवघड बाजूवर, हे आम्हाला त्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. सोप्या बाजूला कोणतीही महाग फळी छानच वाटते.

वही लेकीच्या हातात दिली. आम्ही काहीच बोललो नाही. तिने ती गाडीत बसून दोनदा वाचली. घर येईपर्यंत गप्प होती. दारात म्हणाली, "मधली." मग जरा थांबून, "पण दोन-तीन वर्षांनी मला ती दुसरी जमेल. तेव्हा पुन्हा लिहून बघू." अम्मी म्हणाली, "इन्शाअल्लाह. वहीत पानं भरपूर आहेत."

ती मधली फळी ४८० पौंडांना पडली. ईदीचे जमलेले १५० पौंड लेकीने स्वतःहून दिले. अब्बांनी त्याच आठवड्यात क्लबातल्याच एका गृहस्थांची वापरलेली ६९ इंची रुंद फळी ११० पौंडांना घेतली. ती हिरवी आहे, कडेला टवके उडाले आहेत, आणि ती दिवाणखान्यात कधी आली नाही. जिन्याखाली असते.

अम्मीचे वडील होडीबद्दल म्हणायचे की होडी शेजाऱ्याची बघून बांधू नये, आपलं जाळं आणि आपलं पाणी बघून बांधावी. अम्मीने हे लहानपणी शंभर वेळा ऐकलं होतं. आमच्या दिवाणखान्यात ती काळी फळी तीन महिने भिंतीला टेकलेली असताना ते तिला एकदाही आठवलं नाही, असं ती स्वतःच सांगते.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी वारा पडला होता. तळं ताटासारखं सपाट. लेकीने त्या दिवशी चार बोये घेतले. अब्बांना अजून एकही बोया जमलेला नाही. ते बोटीच्या लाटेच्या या कडेवरून त्या कडेवर जातात आणि परत येतात, एवढंच. पण उठतात मात्र दर वेळी. शेवटची फेरी झाल्यावर आम्ही काठावरच्या गवतावर चटई टाकून असरची नमाज अदा केली. मग गाडी भरताना लेकीने दोन्ही फळ्या एकमेकींना लागू नयेत म्हणून मधे आपला टॉवेल घातला.

"अब्बा," ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी किती वाजता निघायचं?"